घाट बंद, सीझन बंद? गोव्यातल्या रात्री आणि आपण सीमाभागातले

तिसरं_रेल्वे_गेट

गोव्याचा सीझन ऑक्टोबरात चढतो आणि मार्चअखेर उतरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बेळगाव-खानापूरकडच्या गे पोरांचा सीझन वेगळ्या गोष्टींवर ठरतो: गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाचा रस्ता धड झालाय का, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओव्हरटाइम मिळतोय का, आणि घरी सांगायला निमित्त आहे का. तिन्ही जुळलं तर वर्षातून दोन-तीन शनिवार-रविवार. तेवढाच आपला 'नाइटलाइफ'.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, गोव्यात बँकॉकसारखी गे बारची गल्ली नाही. चार गेस्ट हाउस, एखाद्या क्लबची ठरलेली रात्र, कुणीतरी भाड्याने घेतलेल्या व्हिलात पार्टी, आणि पत्ता दुपारी व्हॉट्सॲपवर. सगळं माणसांच्या गर्दीवर उभं आहे, जागेवर नाही. त्यामुळे धक्का बसला की पहिल्यांदा हेच मोडतं. नेहमीचा शॅक, म्हणजे किनाऱ्यावर सीझनपुरतं उभारलेलं हॉटेल, पंधरा दिवस उशिरा का होईना उभा राहतो. आपली रात्र मात्र त्या वर्षी होतच नाही, आणि ती झाली नाही याची बातमीही होत नाही.

पर्यटनवाल्यांचं एक आवडतं वाक्य आहे: संकट सरलं की गे पर्यटक सगळ्यांच्या आधी परततो, त्याला पोरांच्या शाळेची सुट्टी बघावी लागत नाही. माझं म्हणणं, हे अर्धंच खरं. परततो तो विमानाने येणारा. घाटरस्त्याने येणारा आणि तिथे राबणारा, हे दोघे त्या हिशोबात नसतातच.

२०१९-२० घ्या. समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही तो सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. तो पहिला हिवाळा भीत भीतच गेला. पुढच्या वर्षी धमाल करायची असं आमच्या ग्रुपचं ठरलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मुंबई-दिल्लीवाल्यांची तिकिटं महागली. उन्हाळ्यापासून गाड्यांचा खप पडला, म्हणजे आमच्या फाउंड्र्यांची कास्टिंग पडून राहिली आणि शिफ्टा कमी झाल्या. ऑगस्टात मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या. इकडे घाटात दरडी, तिकडे निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर पाणी. गोवाही बंद, पुणंही बंद. २३ सप्टेंबरला ब्रिटनमध्ये थॉमस कुक बुडाली आणि गोव्याची चार्टर विमानं गेली. ऑक्टोबरात क्यार वादळ, शॅक उभारायला उशीर. त्याच आठवड्यात नाफ्ता भरलेलं एक जहाज वाहत येऊन दोना पावलाच्या खडकावर बसलं. डिसेंबरात कुठे जरा रंग चढला, तोवर मार्चात लॉकडाऊन.

ज्या वर्षी कायदा आपल्या बाजूने होता, त्या वर्षी रस्ता, पगार आणि हवा तिन्ही विरुद्ध. तुमचे अनुभव लिहा. फोटो नकोत.

---

संपादक

पार्टीचे पत्ते, फोन नंबर, कुणाची ओळख पटेल असा मजकूर टाकू नये. टाकल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

---

शहापूर_पेठ

पुरात गोकाक-रामदुर्गकडे लोकांची घरं गेली, आणि तुम्हाला पार्टी हुकल्याचं दुःख? काय म्हणावं. बाकी चालू द्या.

---

तिसरं_रेल्वे_गेट

काका, घर गेलेल्याचं दुःख मोठंच. पण पर्यटनावर पोट असलेल्यांचं लिहायचं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. शॅकवाल्यांच्या नुकसानीची बातमी येते तेव्हा तुम्ही असं म्हणत नाही. गे हा शब्द आला की पार्टी दिसते.

---

खानापूरचा_आचारी

मी सांगतो आतलं. मी आणि माझा तो, दोघंही उत्तर गोव्यात शॅकवर. मी भट्टीवर, तो टेबलावर. मालकाला 'चुलतभाऊ' म्हणून सांगितलेलं. राहायची खोली मालकाचीच, दोघांत एक. आता बघा, आमच्या गावात आम्हाला एक खोली कोण देणार? सीझन म्हणजे आमच्यासाठी पगार तर आहेच, पण तेवढे महिने एका छपराखाली राहायला मिळतं. मे संपता शॅक मोडायचा, मग तो त्याच्या घरी, मी माझ्या.

म्हणून शॅक उशिरा लागला की आमचे पैसे जातात आणि संसारही तेवढाच आखूड होतो. क्यारच्या वर्षी असंच झालं. त्याआधी डिसेंबर २०१७ ला ओखी वादळ आलं तेव्हा पाणी शॅकात शिरलं, पलंग वाहिले. धंदा बसला तसा मालक म्हणाला, दोघांपैकी एकच ठेवतो. आचारी लागतोच, म्हणून मी राहिलो. तो गेला. भाऊ म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे भांडायचं तरी कशावर? 'भाऊ पुढच्या वर्षी येईल की,' म्हणाला मालक. माणूस वाईट नव्हता.

आणि डिसेंबर २०२५ ला हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली. त्यात गिऱ्हाइकं थोडी, काम करणारीच जास्त. त्यानंतर तपासण्या लागल्या, काही क्लब सील झाले, ऐन नाताळात. तपासणी हवीच, त्यात दुमत नाही. पण ज्या जागा बंद झाल्या तिथल्या पोरांना त्या महिन्याचा पगार कोणी दिला, हे विचारून बघा.

---

वडगावची_ती

आचारीदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

एक विचारते: हा सगळा सीझन पोरांचाच का? 'मित्रांबरोबर गोव्याला चाललोय' म्हटलं की तुमच्या आया डबा बांधून देतात. मी म्हटलं तर आधी कुणाचं लग्न आहे विचारतात. आम्हा बायकांच्या रात्री गोव्यात नव्हत्याच, त्यामुळे बुडायचंही काही नव्हतं.

माझा अनुभव तर उलटाच आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात विदेशी कोणी नाही, खोल्या रिकाम्या. माझं काम घरून सुरू होतं, तिचंही. घरी सांगितलं, नेट चांगलं आहे म्हणून ऑफिसच्या मैत्रिणीबरोबर राहते. महिन्याच्या भाड्याने खोली मिळाली, ती पूर्वी आठवड्याला जेवढे घ्यायचे तेवढ्यात. क्लब नव्हते, पार्टी नव्हती. दोघी संध्याकाळी बाजारातून मासळी आणायचो आणि भांडायचो की कोण साफ करणार. दुनियेचं नुकसान झालं त्या वर्षी आमचं फावलं, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच आहे. पुढच्या वर्षी दिल्ली-बंगळूरवाले कायमचे राहायला आले आणि त्याच खोलीचं भाडं आमच्या आवाक्याबाहेर गेलं.

---

निपाणी_तंबाखू

पैशांचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. ८ नोव्हेंबर २०१६, नोटबंदी. ऐन सीझनच्या तोंडावर. इतर टुरिस्टांनी कार्ड काढलं. आपल्या पार्ट्या मात्र रोखीवर चालायच्या आणि त्याला कारण होतं: रोख पैशाला नाव नसतं. बँकेच्या पासबुकात 'अमुक एंटरटेनमेंट' दिसलं की वडिलांना काय सांगायचं? त्या वर्षी ५०० च्या जुन्या नोटा कोण घेणार आणि नव्या कुठून आणणार. आमच्याकडे तर तंबाखूच्या बाजारातच रोकड नव्हती. गेलोच नाही.

आता सगळीकडे क्यूआर कोड. स्कॅन केलं की माझं पूर्ण नाव आडनावासकट समोरच्याच्या फोनवर. माझं खातं घरच्या धंद्याचं, स्टेटमेंट भाऊ बघतो. मी अजून एटीएममधून काढून नेतो. यूपीआयने सोय झाली म्हणतात, ती ज्याचं खातं त्याचं एकट्याचं असतं त्याची.

---

बँकॉकवाला_बेळगावी

मूळचा अनगोळचा, बरीच वर्षं इकडे नोकरी. तिकडच्यांना तुलना म्हणून सांगतो.

इथला मोठा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण गे लोकांचा आणखी एक कळस एप्रिलात असतो, सोंग्क्रानला, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला. आशियाभरातून पोरं येतात, भर उन्हाळ्यात. आता संकटं बघा कशी नेमकी मोसमावर पडलीत. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. फुकेतच्या पाटाँगला पॅराडाइज कॉम्प्लेक्स म्हणून गे भाग आहे, समुद्रापासून चालत जाण्याइतका. हॉटेलं दुरुस्त झाली तरी त्या मोसमात लोक आलेच नाहीत. नोव्हेंबर २००८ च्या शेवटी आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर अडवून धरला, वर जगभरची मंदी. २०१० मध्ये मोर्चे थेट बँकॉकच्या सीलोम भागाच्या तोंडाशी. सोई २ आणि सोई ४ या गे बारच्या गल्ल्या तिथेच, त्यात संचारबंदी. २०११ चा पूर तर मजेशीर. डॉन मुआंग विमानतळ पाण्यात, अयुथयाचे कारखाने पाण्यात, पण सीलोम बहुतांश कोरडं. तरी बुकिंगं रद्द, कारण टीव्हीवर सगळं शहर बुडालेलं दिसत होतं.

तिसऱ्या गेटवाल्या, तुझं 'परततो तो विमानाने येणारा' हे इथेही पटतं. पण एक भर घालतो. इथल्या बारमध्ये काम करणारी बरीच पोरं ईसानची, म्हणजे ईशान्येकडच्या भातशेतीच्या भागातली. पाऊस गेला किंवा तांदळाचा भाव पडला की ती जास्त संख्येने बँकॉक-पट्टायाला येतात. म्हणजे वाईट वर्षात गिऱ्हाईक कमी आणि पोरं जास्त. मग दर पडतो आणि 'नाही' म्हणायची सोय राहत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की धोका वाढतो, तो असा.

कायद्याचंही तुमच्यासारखंच. समलिंगी विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, सगळीकडे इंद्रधनुष्य. २८ मार्चला म्यानमारचा भूकंप, इथे बांधकाम सुरू असलेली एक उंच इमारत कोसळली. सोंग्क्रानला जेमतेम दोन आठवडे. फोनवर फोन: येऊ का नको?

---

खानापूरचा_आचारी

बँकॉकवाले, ते ईसानचं वाचून मान हलवली. २०२३ ला आपल्या कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. त्या हिवाळ्यात गोव्यात अथणी-रायबागकडची, पार गदगची पोरं कामाला. भांडी घासायला चार लागायची तिथे दहा उभी. पगार वाढवून मागायची सोय नाही. त्यातली काही रात्रीची गे डेटिंग ॲपवर पण होती. गे होती का पोटासाठी, मी विचारलं नाही.

---

कॅम्प_लॉज

मी बेळगावात लॉजवर काउंटरला बसतो, त्या बाजूने दोन शब्द.

तुम्ही गोव्याला का जाता याचं एक कारण आमच्या वहीत आहे. लोकल आधार कार्ड असलेल्याला आम्ही खोली देत नाही. नियम मालकाचा, बहुतेक लॉजचा असाच. मग बेळगावचे दोघे बेळगावात खोली घेणार कुठे? शंभरावर किलोमीटर जाऊन आधार दाखवला की तोच माणूस 'टुरिस्ट' होतो.

घाट बंद पडला की आमच्याकडे अडकलेली गिऱ्हाइकं येतात. पुण्या-मुंबईची पोरं, गोव्याला निघालेली. दोघांना एक डबल बेड दिला तर कोणी काही विचारत नाही, मीही नाही. पण डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा दहा दिवस शहरात खोली मिळत नाही, सगळ्या आमदार-अधिकाऱ्यांच्या नावावर. त्या काळात रस्ता अडला तर गाडीतच झोपा.

---

शहापूर_पेठ

लोकल आधारचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी स्टँडजवळ नुसतं नाव लिहून खोली मिळायची.

---

वडगावची_ती

काका, 'आमच्या वेळी' म्हणजे कशाला लागायची खोली? 😄

---

शहापूर_पेठ

पंढरपूरला जाताना.

---

तिसरं_रेल्वे_गेट

काका 🙏

गोव्यात विदेशी पर्यटक २०१९ साली ९ लाखांवर होते. २०२४ ला ५ लाखांच्या आत. त्याच वेळी एकूण आकडा कोटीपर्यंत गेला, कारण देशातले लोक वाढले. सरकार म्हणतं सीझन जोरात. धंदा म्हणून खरं असेल. पण २०१४ च्या शेवटी रूबल निम्म्यावर आला आणि मोरजी-हरमलची रशियन चार्टरं आटली, पुढे थॉमस कुक, मग कोविड, मग युक्रेनचं युद्ध, या सगळ्यातून किनाऱ्यावरचे चेहरेच बदलले. पूर्वी मी हणजुण्यात नाचलो तर शेजारचा ब्रिटिश म्हातारा मला ओळखत नव्हता. आता तिथे हुबळीचा डिस्ट्रिब्युटर, कोल्हापूरचा क्रेडिट सोसायटीवाला, आणि एकदा तर आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा खजिनदार. परक्यांच्या गर्दीत मिळणारी मोकळीक रुपया-रूबलच्या भावाशी बांधलेली असते, हे मला कुठल्या पर्यटन अहवालात वाचायला मिळालेलं नाही.

दुसरं, क्लबच्या दारावरचं 'कपल्स ओन्ली'. दोन पुरुष म्हणजे कपल नाही, 'स्टॅग'. ३१ डिसेंबरच्या आठवड्यात बाउन्सर आपल्याला दारातूनच परत लावतो, नाहीतर दोघांचे मिळून एवढे मागतो की फाउंड्रीतला हप्ता जाईल. धंदा थंड असला की तोच बाउन्सर 'या या सर' म्हणतो. आत गेल्यावर गर्दी नसते, पण निदान आत असतो. त्यामुळे वाईट सीझन माझ्यासाठी पूर्ण वाईटही नसतो. वडगावच्या ताईंचा अनुभव याच जातीचा आहे.

---

सौंदत्ती_रोड

इथे सगळे गोवा-बँकॉकचं बोलतायत. आपल्या जिल्ह्यात एक सीझन शेकडो वर्षं चालतो तो कुणाला आठवला नाही. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर. मार्गशीर्षातली आणि माघातली पौर्णिमा, कोल्हापूर-सांगलीपासून गाड्या, आणि त्यात जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेले, लुगडं नेसणारे. परडी, चौंडकं, जोगवा, यावर त्यांचं वर्ष निघतं. त्यांना गे म्हणू नका, त्यांचं ते वेगळं आहे, देवीचं आहे. पण पाऊस आणि पैसा यांचा फटका सारखाच. दुष्काळ पडला की भाविकाच्या हातून सुटणारा जोगवा आटतो. कोविडात डोंगर कित्येक महिने बंद होता. गोव्यातल्या डीजेने लाइव्ह जाऊन पैसे मागितले, जोगप्पांनी कुठे लाइव्ह जायचं?

---

निपाणी_तंबाखू

बरोबर बोललात. पण सौंदत्तीकर, त्यांच्यातल्या तरुणांकडे आता फोन आहेत, रील्स आहेत. परडीवर क्यूआर कोड चिकटवलेला मी स्वतः पाहिलाय.

---

सौंदत्ती_रोड

असेल. नावासकट पैसे येतात ना? कुठलं नाव येतं ते बघितलंत का? आधारवरचं.

---

निपाणी_तंबाखू

😐 हं.

---

कोल्हापुरी_चप्पल

येत्या सीझनचं काय? आम्ही चौघं नोव्हेंबरात ठरवतोय. मागच्या वेळी एका गेस्ट हाउसने आगाऊ घेतलेले पैसे दरड कोसळल्यावरही परत दिले नाहीत. 'घाट बंद होता हा आमचा दोष नाही' म्हणाले. तक्रार करावी तर आपली नावं आलीच.

---

तिसरं_रेल्वे_गेट

म्हणूनच लोक तक्रार करत नाहीत आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं. माझा सल्ला: आगाऊ एका रात्रीचेच द्या, आणि 'रस्ता बंद झाल्यास तारीख पुढे' एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. कोल्हापूरहून येत असाल तर आंबोली-सावंतवाडीने उतरा. मोपा विमानतळाच्या बाजूने पेडण्यात निघता, हरमल-मोरजी जवळ. चोर्ल्यावर अवलंबून राहू नका. अनमोड घाटावर तर आणखी नको. रेल्वेने यायचं तर लोंढ्यावरून, पण जुलै २०२१ ला दूधसागरच्या पट्ट्यात दरड येऊन गाडी घसरली होती, त्यामुळे पावसाळ्यात तोही भरवसा नाही. नोव्हेंबरात ठीक. एस्टी धरणार असाल तर सीमावादाचं वातावरण बघून निघा. भाषेवरून वाजलं की दोन्हीकडच्या बसा बंद होतात, फेब्रुवारी २०२५ ला झाल्याच होत्या. १ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि आपल्याकडच्या काळ्या दिवसाच्या वेळी, बेळगावातून जायचा बेत नको.

---

कोल्हापुरी_चप्पल

आंबोलीने तर पाऊण दिवस तसाच जाईल. पण ठीक.

---

खानापूरचा_आचारी

येणाऱ्यांना एक विनंती. टिप द्यायची तर हातात द्या, बिलात नको. बिलातली आमच्यापर्यंत येतेच असं नाही. आणि कामाला येणाऱ्या पोरांना: ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव घालून ठेवा, फुकट आहे, लगेच काही मिळत नाही पण कुठेतरी नोंद राहते. मालकाकडून पहिल्या महिन्याचा अर्धा पगार आधी मागा. देत नाहीत बहुतेक. तरी मागा.

यंदा त्याला पण घेऊन येतोय. दुसऱ्या शॅकवर बोलणं झालंय. या वेळी चुलत नाही, मावसभाऊ.

---

वडगावची_ती

दादा, आडनावं वेगळी आहेत ना तुमची? मग मावसभाऊच बरा. चुलत कसा काय खपला इतकी वर्षं?

---

खानापूरचा_आचारी

मालक पंजाबी होता ताई.